सुरांचे औषध आणि आकड्यांचा बाजार

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो आपल्या तरुण पोरांनी आणला. वर्षावासात काही मुलांनी समितीपुढे अर्ज ठेवला की, ध्यानवर्गासाठी तिबेटी वाट्यांचा संच घ्यावा आणि वर्धापनदिनाला '५२८ हर्ट्झ'चे रोगनिवारक संगीत वाजवणारा कलावंत बोलवावा. वडीलधारी मंडळी भडकली, पोरेही हट्टाला पेटली. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही वाचता-बिचता, तुम्हीच यावर बोला." आम्ही सातवी पास. तीस वर्षे साचेखात्यात गेली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि पाळी सुटल्यावर. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

आधी हे हर्ट्झ म्हणजे काय ते समजून घेऊ. साच्यावर धोटा इकडून तिकडे जातो, मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा. म्हणजे सेकंदाला तीनेक ठोके. ते ठोके कानाला सुटे सुटे ऐकू येतात. हेच हेलकावे सेकंदाला वीसच्या वर गेले की कानाला ठोका ऐकू येत नाही, सूर ऐकू येतो. सेकंदाला जितकी कंपने तितके हर्ट्झ. माणसाचा कान साधारण वीसपासून वीस हजारांपर्यंतची कंपने ऐकतो. हाइनरिश हर्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव या मापाला १९३० साली दिले गेले. बस, इतकेच. यात गूढ असे काही नाही.

आता बाजारात काय सांगतात ते बघा. सांगतात की, ५२८ कंपनांचा सूर ऐकला की शरीरातला डीएनए दुरुस्त होतो. ३९६ ने भीती जाते, ६३९ ने संसार जुळतो. आणि जगभरचे संगीत ४४० वर लावले जाते ते माणसाला बेचैन करण्यासाठी, हा नाझींचा डाव होता. ते ४३२ वर लावले की मन शांत होते. देशोदेशीचे अनेक कलावंत आपली गाणी मुद्दाम या आकड्यांवर लावून देतात आणि लाखो लोक ती ऐकतात.

हसू नका. आम्ही स्वतः ती ऐकली आहेत.

साचेखाते ज्याने पाहिले आहे त्याला तिथला आवाज सांगायला नको. पंचाण्णव ते शंभर डेसिबलच्या घरात. शेजारच्याशी बोलायचे तर खुणांनी किंवा कानात ओरडून. कापसाचे बोळे घालायचो, तेही आठवण झाली तर. पंचेचाळिशीनंतर आमच्या कानात शिट्टी वाजू लागली. दिवसा कळत नसे. रात्री गल्ली शांत झाली की ती सुरू होई आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. मुलाने मायेने मोबाइलवर ५२८ चे संगीत लावून दिले. तीन महिने आम्ही रोज रात्री कानात बोंडे घालून ते ऐकले. शिट्टी झाकली जावी म्हणून आवाज वाढवत गेलो. सुरुवातीला बरे वाटले, खोटे कशाला बोलू. मग शिट्टी आणखी मोठी झाली.

सरकारी दवाखान्यात गेलो. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी एक नादकाटा हातावर आपटला आणि कानामागच्या हाडावर टेकवला. आम्ही विचारले, "बाई, हा किती हर्ट्झचा?" त्या म्हणाल्या, "५१२." आम्ही गप्प झालो. ५२८ च्या अगदी शेजारचा सूर! कानाचे डॉक्टर तो पिढ्यान् पिढ्या रोग्यांच्या कानाशी धरत आले आहेत. त्याने दोष कुठे आहे ते कळते, दोष बरा झाल्याचे कोणी सांगत नाही. मग आमचा ऑडिओग्राम काढला. त्यात ४००० हर्ट्झच्या जागी रेघ खड्ड्यात पडावी तशी खाली गेलेली. बाई म्हणाल्या, "ही गिरणीची सही आहे. मोठ्या आवाजात राहिलेल्यांचा कान आधी इथेच खचतो. आतल्या बारीक केसांच्या पेशी मेल्या की माणसात त्या परत उगवत नाहीत." बोंडे बंद केली, कानाचे यंत्र घेतले. शिट्टी गेलेली नाही, पण यंत्राने बाहेरचे आवाज ऐकू यायला लागल्यावर ती मागे सरली. कारखाने कायद्याने आवाजाने येणारे बहिरेपण हा सरकारला कळवायचा रोग मानला होता, हे आम्हांला त्या दिवशी कळले. आमच्यापैकी किती जणांची नोंद झाली असेल, तुम्हीच ताडा.

त्यानंतर आम्ही या आकड्यांच्या मागे लागलो. ते आले कुठून?

आधी ४४० चे बघू. पूर्वी युरोपात गावोगावचे सूर वेगळे. एका गावचा वादक दुसऱ्या गावी गेला की वाद्य जुळत नसे. म्हणून १८५९ साली फ्रान्सने कायदा करून ४३५ ठरवले. इटलीचा मोठा संगीतकार व्हेर्दी याने १८८४ साली ४३२ ला पाठिंबा दिला, कारण सूर वर वर चढवत नेल्याने गायकांचे गळे फाटत होते. रोग बरा होतो म्हणून नव्हे. मग १९३९ च्या मे महिन्यात लंडनला परिषद झाली, तिथे ४४० ची शिफारस झाली आणि १९५५ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ती उचलली. वाद्ये बनवणारे, रेडिओवाले, वादक यांची ही सोय. नाझींच्या डावाला आधार नाही. आणि ४४० व ४३२ यांत फरक किती? पेटीवर शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढे अंतर, त्याचा तिसरा हिस्सा.

दुसरे म्हणजे, सेकंद कोणी केला? माणसाने. दिवसाचे चोवीस तास, तासाची साठ मिनिटे, मिनिटाचे साठ सेकंद, असे ८६,४०० तुकडे माणसाने पाडले. ते वेगळे पाडले असते तर त्याच सुराचा आकडा ४३२ न येता दुसराच आला असता. मग त्या आकड्यात विश्वाचे रहस्य कसे काय राहील?

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१९ साली इटलीत तेहतीस जणांना तेच संगीत ४४० आणि ४३२, दोन्हीवर ऐकवून तपासले. ४३२ वेळी नाडीचे ठोके थोडे कमी पडले. पण ती फक्त तेहतीस माणसे, आणि तीही आजारी नव्हती. तपासणाऱ्यांनीही तिला प्राथमिक चाचणीच म्हटले. शेतात एक अंकुर दिसला म्हणून कोणी बाजारात धान्याचा भाव सांगत नाही.

आता ५२८. सांगतात की, हे युरोपातल्या भिक्षूंचे हजार वर्षांपूर्वीचे गुप्त सूर आहेत. अकराव्या शतकात इटलीत ग्वीदो नावाच्या ख्रिस्ती भिक्षूने सा-रे-ग-म सारखी उत-रे-मी-फा-सोल-ला ही नावे शिकवायला वापरली, हे खरे. पण त्याच्या काळी सेकंदाची कंपने मोजायचे साधनच नव्हते, तो ५२८ लिहिणार कसा? हे आकडे अमेरिकेतल्या जोसेफ पुलिओ या गृहस्थाने बायबलच्या 'गणना' या पुस्तकातल्या सातव्या अध्यायाचे ओवीक्रमांक मिळवून काढले, आणि १९९९ साली लेनर्ड होरोविट्झ याच्यासोबतच्या पुस्तकातून ते जगभर गेले. ओवीक्रमांक मूळ ग्रंथात नव्हतेच, ते पुष्कळ नंतर घातलेले. आणि आकड्यांची गंमत बघा. ३९६, मग ६३९, मग ९६३. तेच तीन अंक फिरवलेले. ४१७ चे ७४१, ५२८ चे ८५२. गिरणगावात राहिलेल्या माणसाला हे शिकवायला नको! मटक्याचा आकडा काढणारे बुवा आपण पाहिलेत. स्वप्नात साप आला तर कोणता आकडा, प्रेत आले तर कोणता. त्यांच्यामागे किती पगार गेले आणि किती घरे बसली, तेही पाहिले.

आणखी एक. आमच्या पेटीमास्तरांनी वरच्या सप्तकातली पांढरी एक दाबावी. (मास्तरांनी सूर दिला.) ऐकलात? पेटी ४४० वर लावलेली असेल तर हा सूर ५२३ चा. ५२८ त्याच्या पाच कंपने वर. पेटी उन्हाने जरा उतरली-चढली तरी एवढा फरक पडतो. इतकी वर्षे मास्तर ही पट्टी दाबत आले, आणि त्यांचा गुडघा काही बरा झाला नाही! आपल्याकडे तर प्रत्येक गायकाचा सा वेगळा. एकाची काळी एक, बाईंची काळी पाच. गळ्याप्रमाणे पट्टी धरायची ही आपली रीत. तो हिशेब लावला तर आपल्या निम्म्या गायकांनी लोकांना आजारीच पाडले असे म्हणावे लागेल.

डीएनएचे म्हणाल तर, हवेत ५२८ कंपनांच्या एका लाटेची लांबी सुमारे पासष्ट सेंटिमीटर, म्हणजे दीड हात. डीएनएच्या धाग्याची जाडी मिलिमीटरच्या पाच लाखाव्या भागाएवढी. दीड हाताच्या काठीने सुईत दोरा ओवता येईल का, हे विणकराला विचारावे.

आणि तिबेटी वाट्या? पोरांना वाटते की ही आपल्या धम्माची प्राचीन ठेव आहे, म्हणून त्यांचा आग्रह. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण तिबेटी विहारांत घंटा आहेत, झांजा आहेत, लांब तुताऱ्या आहेत. वाट्या घासून रोग बरे करायची परंपरा तिथे असल्याचा पुरावा मिळत नाही. हिमालयाच्या बाजूच्या या धातूच्या वाट्या १९७२ साली हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज या दोघांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे पाश्चात्य संगीतात गाजल्या. त्यांचा नाद गोड आहे, तो ऐकावा. पण त्यावर तथागतांचे नाव चिकटवून विकू नये.

एवढे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग संगीतात काहीच दम नाही का? इथे आम्हांला आमच्या जोडीदाराची गोष्ट सांगायची आहे. त्याच्या घरच्यांची परवानगी घेऊन सांगतो.

साचेखात्यात आमचे साचे शेजारी. आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, गळा खणखणीत, गायन पार्टीत पुढे असायचा. त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजायचे सगळे, पण तोंडातून शब्द निघत नसे. पाणी हवे तरी नुसता हात हलवायचा आणि रडायचा. दवाखान्यातून सोडताना कागदावर लिहून दिले होते : व्यायाम आणि वाचेचा उपचार, ताबडतोब. तेवढ्यात एका नातेवाइकाने वाट्या वाजवणारा कलावंत आणला. एकवीस बैठका, अठरा हजार रुपये. वहिनींनी बांगड्या गहाण टाकल्या. तो कलावंत लबाड नव्हता, पोरगा मनापासून वाजवायचा, त्याचाही त्यावर विश्वास होता. वाजवले की आमच्या जोडीदाराला झोप लागायची. घरच्यांना वाटले गुण येतोय. पाच आठवडे दवाखान्याचा कागद फळीवर पडून राहिला. या आजारात पहिले महिने सोन्याचे असतात. बांगड्या पुढे सोडवता आल्या. ते पाच आठवडे कुणाला सोडवता आले नाहीत.

मग जयंती आली. मिरवणूक त्याच्या दारापुढे थांबली आणि गायन पार्टीने त्याच्याच आवडीचे गाणे धरले. खाटेवर बसलेल्या माणसाने मान वर केली आणि धृपद म्हटले. शब्दांसकट! "पाणी" म्हणता न येणारा माणूस अख्खी ओळ गाऊन गेला. वहिनी दारात मटकन बसल्या. सगळी गल्ली रडली, आम्हीही रडलो.

दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. वाचेच्या उपचारवाल्या ताईंना मुळीच आश्चर्य वाटले नाही. त्या म्हणाल्या, बोलण्याचा भाग मेंदूच्या बहुधा डाव्या बाजूला असतो, गाण्याचे काम मात्र उजवी बाजूही करते. डावी जखमी झाली तरी गाणे शिल्लक राहू शकते. १९७३ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी यावरून उपचाराची पद्धतच बसवली. शब्द सुरात म्हणायचा, डाव्या हाताने ठेका धरायचा, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. अमेरिकेच्या संसद सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांना जानेवारी २०११ मध्ये डोक्यात गोळी लागून वाचा गेली होती, त्यांच्या उपचारातही गाण्याचा मोठा वाटा होता. आमचा जोडीदार सात-आठ महिने तसा शिकला. आज "पाणी", "चहा", नातीचे नाव, "जय भीम" एवढे म्हणतो. उजवा हात मात्र आला नाही. लवकर व्यायाम सुरू झाला असता तर किती आला असता, हा प्रश्न वहिनी आम्हांला विचारतात. आमच्याकडे उत्तर नाही.

तेव्हा संगीत काय करते याचा खरा हिशेब असा आहे. कंपवाताच्या रोग्याला ताल ऐकवला की त्याची पावले मोकळी पडतात, हे १९९० च्या दशकात अमेरिकेत मायकेल थाउट यांनी दाखवले. आपल्याला ते पटेल, साच्याच्या ठोक्यावर आपले हात आपोआप चालत होते. शस्त्रक्रियेआधी संगीत ऐकलेल्यांची धास्ती कमी होते. २०१३ साली छत्तीस कमी दहा, म्हणजे सव्वीस चाचण्या आणि २,०५१ रोगी एकत्र तपासून तसे दिसले. मँचेस्टरच्या मार्कोनी युनियन या वाद्यवृंदाने २०११ साली ध्वनिउपचार करणाऱ्यांशी सल्लामसलत करून 'वेटलेस' नावाची रचना केली. तिची लय मिनिटाला साठ ठोक्यांवरून हळूहळू पन्नासवर येते. २०१९ साली अमेरिकेत बधिर करण्याचे इंजेक्शन घेणाऱ्या १५७ रोग्यांपैकी काहींना आधी तीन मिनिटे ही रचना ऐकवली, काहींना झोपेचे औषध दिले. धास्ती दोघांची सारखीच उतरली. मात्र समाधान औषधवाल्यांना जास्त वाटले. असा निकाल आला की तो दोन्ही बाजूंनी सांगावा लागतो, याला शास्त्र म्हणतात. आणि आवाजाने रोग जातोही. १९८० साली म्युनिकला ध्वनीच्या आघातलहरींनी रोग्याचा मुतखडा पोटावर सुरी न लावता फोडला. पण ते यंत्र आहे, त्याला माप आहे, धोके माहीत आहेत, आणि चालवणाऱ्यावर जबाबदारी आहे.

या सगळ्यात गुण येतो तो लयीने, ओळखीच्या सुराने, शब्दाने, सरावाने आणि जवळ बसलेल्या माणसामुळे. कुठल्या एका मंतरलेल्या आकड्याने नाही.

एक भगिनी मघाशी म्हणाल्या, "मग आजाऱ्यापुढे आपण परित्राण पाठ का म्हणतो?" प्रश्न सरळ आहे. आमची समजूत अशी की, पाठाने आजाऱ्याला धीर येतो, त्याच्या खाटेभोवती माणसे जमतात, आणि अर्थ कळला तर मन स्थिर होते. पण अतिसाराने घाणीत पडलेला भिक्खू दिसला तेव्हा भगवंतांनी काय केले? आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले, उचलून खाटेवर ठेवले. स्वतःच्या आजारात भगवंतांनी जीवकाचे औषध घेतले. पाठ आणि औषध यांचे भांडण नाही. पाठ म्हणा आणि गोळीही वेळेवर द्या.

आणि वाद्य कसे लावावे हेही त्यांनी सांगून ठेवले आहे. सोण नावाचा भिक्खू पूर्वी वीणा वाजवायचा. साधनेत तो अती ताणू लागला तेव्हा भगवंतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली : तार फार ताणली तर वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. आकडा नाही दिला हो! ऐकून, पारखून लाव म्हणाले. कालाम लोकांनाही तेच सांगितले. कानोकानी आले म्हणून, परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. हित होते का अहित, ते स्वतः पाहा. आमचे हित झाले की अहित, ते आमच्या ऑडिओग्रामवर लिहिले आहे.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. समितीने विचार करावा.

पहिली, ध्यानवर्गात संगीत जरूर लावा. तानपुरा लावा, बासरी लावा, कुणाकडे वाटी असेल तर तीही वाजवा. पण फलकावर रोगाचे नाव आणि हर्ट्झचा आकडा लिहू नका.

दुसरी, वाट्यांसाठी जमलेल्या वर्गणीतून कानाची, रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी ठेवा. लूमवर, गिरणीत, फॅब्रिकेशनमध्ये काम केलेल्या प्रत्येकाचा ऑडिओग्राम निघाला पाहिजे.

तिसरी, गायन पार्टीने महिन्यातून एकदा आजाऱ्याच्या दारी जावे, त्याच्या आवडीचे गाणे म्हणावे, आणि निघताना औषधाचा कागद फळीवर तर पडलेला नाही ना, हे बघून यावे.

चौथी कडू आहे. जयंतीला आपण डीजेच्या भिंती उभ्या करतो. आमचा कान गिरणीने खाल्ला, तिथे पोटाचा प्रश्न होता. खांद्यावर बसवून मिरवणुकीत आणलेल्या लेकराचा कान आपण हौसेने का खावा? जागतिक आरोग्य संघटना सांगते की ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत चालतो. भिंतीपुढचा आवाज त्याच्या कितीतरी वर असतो. वामनदादा कर्डकांचे गाणे गावोगाव पोचले ते शब्दांच्या बळावर. ते ऐकायला छाती थरथरावी लागत नव्हती.

अर्ज आणणाऱ्या पोरांवर आमचा राग नाही. त्यांनी आणला म्हणून आम्ही शोधायला बसलो. उद्या ते आणखी वाचतील आणि आमची चूक दाखवतील, तर आम्ही उभे राहून मान्य करू.

तो बघा, आमचा जोडीदार पुढच्या ओळीत बसला आहे. मास्तर, त्याची पट्टी धरा. काळी एक. त्याच्यासोबत एक गाणे म्हणू आणि मग जेवायला बसू.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!